दस्ताचं मागचं पान

हे मी लिहिणारच नव्हतो. मोबाइलवर दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. यात माझी चूक आहे, आणि माझं काम असं आहे की एक चूक बाहेर आली की पुढची चार कामं येत नाहीत. आता रजिस्ट्री झाली आहे, ज्याचं त्याला मिळालं आहे, म्हणून लिहितो. जसं आठवेल तसं.

मी रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर कचोरी खात उभा होतो आणि समरजीतचा फोन आला.

"क्लीन आहे ना?"

"क्लीन आहे."

"पक्का?"

"अरे यार, सेवन्टी नाइनपासून सगळं बघितलंय. क्लीन म्हणजे क्लीन."

"मग आईला सांगून टाकू?"

"सांग."

एवढंच बोलणं. कचोरी गरम होती म्हणून मी घाईत बोललो, हेही खरं आहे.

माझं काम सांगतो. कोणी घर घेणार असेल तर त्या घरावर भांडण आहे का, कर्ज आहे का, एखादा हिस्सेदार राहून गेलाय का, हे मी शोधून देतो. आमच्या या हिंदी शहरात याला सर्च म्हणतात. मी वकील नाही. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि माधवगंजच्या एका वकील साहेबांकडे टायपिंगला लागलो. जे टाइप करायचो ते वाचायला लागलो, जे कळायचं नाही ते मोबाइलवर बघायला लागलो. तीन वर्षांत असं झालं की सर्च मी करतो आणि खाली सही साहेब करतात.

पद्धत साधी आहे. जुनी रजिस्टरं काढायची, मालकामागे मालक लावत जायचं. नगर निगममध्ये नामांतरण, म्हणजे घरपट्टी कोणाच्या नावावर चढली ते, बघायचं. कोर्टाच्या साइटवर एकेक नाव टाकून केस शोधायची. पेपरात आम सूचना द्यायची आणि सात दिवस कोणी ओरडतंय का बघायचं. सगळं नावावर चालतं. नाव बरोबर तर सगळं बरोबर.

घर दर्पण कॉलनीतलं. एक मजली, मागे पेरूचं झाड. लक्ष्मीकांत मुळे यांनी एकोणऐंशीमध्ये घेतलं, ते एक्क्याण्णवमध्ये वारले. मागे बायको शांताबाई, मुलगा विश्वासराव, मुलगी मधु. तिघांचा सारखा हिस्सा. चौऱ्याण्णवमध्ये शांताबाईंनी आपला हिस्सा मुलाला लिहून दिला, आणि महिन्याभराने मधुने आपला. दोन्ही हक्कत्याग रजिस्टर झालेले. त्यानंतर घर एकट्या विश्वासरावांचं. शांताबाईही पुढे वारल्या, आणि आता घर विकून विश्वासराव मुलाकडे इंदूरला निघाले होते. मी विश्वासराव, शांता, मधु, तिन्ही नावं कोर्टाच्या साइटवर टाकली. काही नाही. आम सूचनेवर कोणी आलं नाही.

विश्वासरावांना मी बहिणीचं विचारलं होतं. ते म्हणाले, "एक बहीण होती. तिने लिहून दिलेलं आहे, बघा, रजिस्टर्ड आहे." होती म्हणाले, म्हणून मी समजलो, वारली असेल. पुढे विचारलं नाही.

समरजीत माझा सहावीपासूनचा मित्र. त्याचे वडील फौजेत होते, चार वर्षांपूर्वी गेले. शहराच्या मुरार भागात ते लोक एकोणीस वर्षं भाड्याने राहिले, दुसऱ्या मजल्यावर, आणि त्याच्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले. घरमालकाने होळीपर्यंत खाली करा म्हणून सांगितलं होतं. वडिलांचा फंड या एका घरासाठी ठेवलेला. मी क्लीन म्हटल्यावर त्याने त्याच संध्याकाळी विश्वासरावांना बयाना, म्हणजे विसार, दिला.

दुसऱ्या दिवशी आई मेथी निवडत होती. मी तिला मोबाइलवर घराचा फोटो दाखवला.

"कोणाचं म्हणालास?"

"मुळ्यांचं. विश्वासराव मुळे."

"म्हणजे सीमंतिनीचं माहेर."

"कोण सीमंतिनी?"

"अरे, मुरारची टोकेकर काकू. फॉल-पिकोवाली. माझ्या साड्या तूच तर टाकून येतोस तिच्याकडे."

"त्यांची बहीण मधु होती, आई. एकच बहीण. ती वारली."

"वारली काय," आई म्हणाली. "परवा तर भांडली माझ्याशी, जरीच्या साडीला नायलॉनचा फॉल का आणला म्हणून. मधु म्हणजे तीच. माहेरची मधु. लग्नात सीमंतिनी केलं."

"नाव बदललं?"

"आमच्या वेळी सगळ्यांचंच बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीने लिहायचं. माझं नाही का बदललं?"

"तुझं काय होतं?"

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "मामा मला काय हाक मारतो?"

"अवू."

"ते कशाचं अवू, वाटलं तुला?"

मला वाटायचं, लाडाचं आहे. ते अवंतिकाचं होतं, तिच्या माहेरच्या नावाचं. सव्वीस वर्षं मी या बाईला अपर्णा समजत होतो आणि लोकांच्या घरांची तीस-चाळीस वर्षं खणून काढत होतो.

"टोकेकर काकूंचं लग्न कधी झालं?" मी विचारलं.

"मी कॉलेजात होते. अठ्ठ्याऐंशी असेल. गेले होते ना मी, जिलबी कच्ची होती."

मी दस्ताची फाइल उघडली. *मधु पुत्री स्व. श्री लक्ष्मीकांत मुळे, आयु 31 वर्ष, निवासी दर्पण कॉलोनी.* लग्नाला सहा वर्षं झालेली बाई, आणि दस्तात नवऱ्याचं नाव नाही. दस्त लिहिणारे सगळ्यात आधी तेच विचारतात, किसकी पत्नी. ही ओळ मी दोनदा वाचली होती आणि मला काहीच खटकलं नव्हतं. हिंदी घरातल्या सर्चवाल्याला नाही खटकलं तर चालेल. आमच्या मराठी घरांत लग्नात नाव बदलतं, मला खटकायला पाहिजे होतं.

मी साइटवर सीमंतिनी टोकेकर टाकून बघितलं. त्या नावानेही केस नव्हती. भांडण नव्हतंच. भांडायला आधी माहीत असावं लागतं.

त्याच दुपारी मुरारला गेलो. मागच्या गल्लीत त्यांची खोली आहे, रस्त्याकडे दार उघडं, दारात मशीन. चारी बाजूला साड्यांचे ढीग, प्रत्येक ढिगावर चिठ्ठी. आत टोकेकर काका टीव्ही बघत होते. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून टीव्ही पूर्ण गल्लीला ऐकू येतो.

"अपर्णाचा ना तू?" काकू मशीन न थांबवता म्हणाल्या. "त्या ढिगावर ठेव. लगीनसराई आहे, शुक्रवारच्या आधी मिळणार नाही."

"साडी नाही आणली, काकू. कागद आणलाय."

"कागदाला मी फॉल लावत नाही."

मी हसलो नाही, तेव्हा त्यांनी पाय थांबवला. चष्मा बदलला. मी दस्ताची झेरॉक्स दिली आणि सांगितलं, तुमच्या माहेरच्या घराची आहे, माझा मित्र ते घर घेतोय. त्यांनी पहिलं पान पूर्ण वाचलं. हिंदीत कायद्याचं होतं, तरी एकेक शब्द वाचला. शेवटी सहीपाशी बोट ठेवलं.

"हे मी आहे?"

"तेच विचारायला आलोय."

"नाव माझं आहे." त्यांनी पान उजेडाकडे धरलं. "अक्षर पद्मावहिनीचं आहे. ती डावखुरी होती. तिची अक्षरं अशी मागे पडतात, बघ, जशी कोणी ढकललीत. तीस दिवाळ्या तिच्या हातच्या याद्या वाचल्या मी."

"त्या आता..."

"तीन वर्षं झाली जाऊन. कॅन्सर होता." पान त्यांच्या हातातच होतं. "पण हे ऑफिसात करतात ना? तिथे कोणी विचारत नाही, बाई कोण आहे म्हणून?"

"विचारतात. ओळख द्यायला कोणीतरी लागतं."

"मग कोणी दिली?"

त्यांनी स्वतःच पान उलटलं.

दस्ताच्या मागच्या पानावर रजिस्ट्रारचे शिक्के असतात आणि खाली ओळख देणाऱ्याचं नाव. तिथे लिहिलं होतं की हक्क सोडणाऱ्या मधुला आम्ही व्यक्तिशः ओळखतो, आणि खाली सही. *शांता ल. मुळे.* गोल, सावकाश काढलेली सही, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ.

आत टीव्हीवर भाजीत हिंग कधी टाकायचा ते चाललं होतं.

"तारीख वाच जरा," काकू म्हणाल्या. "बारीक आहे."

"अकरा मे, चौऱ्याण्णव."

"धाकटी माझी वीस एप्रिलची." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे मी तिथेच होते. बाळंतपणाला. आतल्या खोलीत."

मी स्टुलावर बसलो.

"त्या दोघी टेम्पोने गेल्या होत्या. माधवगंजला डिंक आणायला जातोय म्हणाल्या. वहिनीने माझी साडी मागितली, मोतिया रंगाची. मी म्हटलं, डिंक आणायला एवढी चांगली साडी? तर आई म्हणाली, नेसू दे गं, तिला कुठे बाहेर जायला मिळतं."

"डिंक आणला?" मी विचारलं. का विचारलं माहीत नाही.

"आणला की. लाडू केले. आईचे तेव्हाचे लाडू इतके चांगले झाले होते की मी अजून सांगते लोकांना. तुझ्या आईलाही सांगितलंय."

त्यांनी ढिगातली हिरवी साडी ओढली, मशीनखाली लावली, आणि एक पूर्ण काठ शिवून टाकला. मी थांबलो. काठ संपल्यावर म्हणाल्या, "मी घरातच होते रे. म्हटलं असतं तर पोरीला घेऊन मीही बसले असते टेम्पोत."

मग त्यांनी विचारलं, आता यात काय करायचं असतं. मी सांगितलं. तक्रार करू शकता, हा दस्त रद्द होईल, हिस्सा मिळेल, विश्वासरावांवर केस होईल. गप्प बसू शकता, पण मग मी हे घर क्लीन आहे असं लिहू शकत नाही. किंवा विक्रीच्या नव्या दस्तात तुम्ही संमती देणार म्हणून सही करू शकता. जुन्या कागदाचं नावही घ्यावं लागणार नाही, आणि घेणाऱ्याला पुढे त्रास नाही.

"घेणारा कोण?"

मी समरजीतचं सांगितलं. त्याच्या आईच्या गुडघ्यांचंही.

"दर भाऊबीजेला मी त्या घरात विश्वासला ओवाळते," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं. त्याला बसायला पाट तोच." मग झेरॉक्स घडी करून साड्यांच्या चिठ्ठ्यांच्या डब्यात ठेवली. "शुक्रवारनंतर ये."

समरजीतला मी समोर जाऊन सांगितलं. फोनवर नाही.

"तू तर क्लीन म्हणाला होतास."

"चुकलो."

"ती हिस्सा मागते आहे का?"

"नाही."

"मग प्रॉब्लम क्या है, ध्रुव? कोणाला माहीत आहे हे? तू, मी आणि ती. ती तर काही बोलतच नाहीये."

"तिच्या दोन मुली आहेत. उद्या त्यांनी दस्त काढला तर? तुझी आई अजून दहा वर्षांनी कोर्टाच्या पायऱ्या चढेल का?"

"उद्याचं उद्या बघू ना यार. आईने पडद्यांची मापं घेऊन ठेवलीत. गरिमा झाशीहून दोन दिवस सुटी काढून आली त्यासाठी." गरिमा त्याची बहीण, तिकडे दिलेली. "तू फक्त लिहून दे. जे आधी लिहिणार होतास तेच."

"रिपोर्ट मी थांबवलाय. साहेबांना सांगून टाकलं."

"आधी घाईत हो म्हणायचं, नंतर हरिश्चंद्र व्हायचं," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. दोन दिवस फोन उचलला नाही. तो चूक होता असं मला म्हणता येत नाही. बयाना माझ्या शब्दावर गेला होता.

विश्वासरावांकडे मी एकटाच गेलो. सामान बांधलेलं होतं. भिंतींवर फोटो काढलेल्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. त्यांनी मला ओट्यावरच बसवलं.

"तू वकील आहेस?"

"नाही."

"मग कुठे शिकलास हे? मोबाइलवर?"

"थोडं मोबाइलवर. थोडं लोकांच्या कागदांवरून."

"मोबाइलवर शिकून डॉक्टर नाही झालास ते बरं. तीस वर्षांनी कागद उकरतोस. कागद रजिस्टर्ड आहे."

"पद्माकाकू डावखुऱ्या होत्या ना?" मी विचारलं.

ते पेरूच्या झाडाकडे बघायला लागले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, सफारीच्या खिशात गोळ्यांची पाकिटं. मग म्हणाले, "दुकानासाठी बँकेला कागद पाहिजे होते. घाई होती. मधुच्या सासऱ्यांनी नाही म्हटलं असतं."

"विचारलं होतं त्यांना?"

"आई म्हणाली, बाळंतपणात तिला कशाला त्रास." आणि वर, "दुकान तर चाललंच नाही."

मी त्यांना संमतीच्या सहीचं सांगितलं. ते लगेच म्हणाले, मधुला जे वाटेल ते देतो, तूच विचार, मी कुठल्या तोंडाने जाऊ. मी म्हटलं, विचारतो.

शुक्रवारनंतर म्हणजे शनिवारी मी काकूंकडे गेलो. आईची साडी तयार होती. त्यांनी ती पिशवीत घातली आणि मगच बोलल्या.

"मी येते सहीला. हिस्सा नको मला. तो काय देणार आहे तेही नको. माझ्या दोघी मुलींना फोन केला, त्यांनाही सांगून टाकलं."

"काकू, एकदा नीट विचार..."

"केला. एक करायचं. त्या ऑफिसात विचारतात ना, ही बाई कोण म्हणून. ते विश्वासने सांगायचं. साहेबासमोर, तोंडाने. माझी बहीण मधु म्हणून. घरी येऊन माफी वगैरे नको, ते मला जमत नाही, रडणंबिडणं. जिथे झालं तिथे सांगायचं."

मी त्यांना समजावलं की आता तसं राहिलं नाही. आता आधार असतं, मशीनवर अंगठा ठेवायचा, मशीनच सांगतं कोण आहे ते.

"मशीन मला काय ओळखणार," त्या म्हणाल्या. "तू विश्वासला सांग. नाही तर मी येत नाही."

मी फोन केला. विश्वासराव ऐकून घेऊन म्हणाले, "बघतो." फक्त बघतो. त्यानंतर माझा फोन घेतला नाही.

समरजीत स्वतःच घरी आला त्या संध्याकाळी. मी त्याला अट सांगितली.

"एवढंच? बोलून टाकायचं ना."

"तेच त्याच्याकडून होत नाहीये."

"का पण?"

"त्याच ऑफिसात त्याने एकदा दुसरीलाच मधु म्हणून उभं केलं होतं, म्हणून."

तो माझ्या आईच्या हातचा चहा प्यायला, बशी पुसून ठेवली आणि म्हणाला, "होळीला अकरा दिवस आहेत." दुसरं काही नाही.

रजिस्ट्रीला स्लॉट मिळाला बुधवारी, अकरा चाळीसचा. समरजीतची आई खुर्चीवर बसली होती, घर तिच्या नावावर होणार होतं. वकील साहेब फाइल चाळत होते. काकू साडेअकराला ई-रिक्षाने आल्या, खांद्यापाशी ब्लाउजला एक सुई तशीच टोचलेली, हिरव्या दोऱ्याची. मी दाखवली तर म्हणाल्या, "राहू दे, परत जाऊन लागणारच आहे." विश्वासराव नव्हते. समरजीत दारात उभा राहून रस्ता बघत होता. अकरा अडतीसला तो आत आला आणि मला म्हणाला, "आ गए."

विश्वासराव इस्त्रीच्या सफारीत आले. बहिणीकडे न बघता दुसऱ्या बाजूला उभे राहिले.

सही झाली त्यांची, अंगठा झाला, फोटो झाला. समरजीतच्या आईचं झालं. मग ऑपरेटरने नाव घेतलं, "सहमतिकर्ता. सीमंतिनी टोकेकर उर्फ मधु."

काकूंनी मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल. दुसरं बोट, तिसरं बोट. चाळीस वर्षं सुई धरलेली बोटं, रेघा शिल्लकच नव्हत्या.

ऑपरेटर म्हणाला, "सर, इनका मैच नहीं हो रहा."

रजिस्ट्रार साहेबांनी मान वर केली. "कार्ड में सीमंतिनी है, पिताजी के काग़ज़ में मधु है, अंगूठा लग नहीं रहा. इन्हें पहचानता कौन है?"

वकील साहेबांनी तोंड उघडलं. ते त्यांचं रोजचं काम आहे, जी सर मैं पहचानता हूँ, आणि पुढचा नंबर. मी त्यांची बाही धरली. असं मी आधी कधी केलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गप्प राहिले.

समरजीतने माझा हात कोपरापाशी घट्ट धरला. त्याची आई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. काकू सरळ समोर भिंतीकडे बघत होत्या, शाळेत फोटो काढताना बघतात तशा.

"अरे भाई, कोई है कि नहीं? स्लॉट निकल रहा है."

"मैं पहचानता हूँ," विश्वासराव म्हणाले.

"आप तो विक्रेता हैं. आपकी क्या लगती हैं?"

"बहन है."

"नाम?"

मला वाटलं, ते कार्डावरचं नाव घेतील आणि सुटतील. घेता आलं असतं.

"मधु," ते म्हणाले. मग साहेबांनी विचारलेलं नसताना मराठीत म्हणाले, "ही मधु आहे. माझी बहीण. हीच."

साहेबांना शेवटचं कळलं की नाही माहीत नाही. ते ऑपरेटरला म्हणाले, "लिख दो, भाई ने पहचाना. और एक गवाह ले लो साथ में." मग वकील साहेबांनी सही केली. काकूंना दोन ठिकाणी सह्या करायच्या होत्या. सीमंतिनी पटकन केली. मधु करताना मला विचारलं, "पूर्ण नाव लिहायचं? मुळे लावून?" मी हो म्हटलं. त्यांनी सावकाश लिहिलं, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ काढून.

बाहेर आल्यावर दोघं भाऊ-बहीण एका झाडाच्या सावलीत उभे राहिले, मध्ये दोन हात अंतर. मी पाणी द्यायला गेलो म्हणून ऐकलं.

"साखर किती आली या वेळी?" काकू विचारत होत्या.

"एकशे नव्वद."

"इंदूरला सून बघते का गोळ्यांचं?"

"बघते."

"बघत नसेल तर सांग."

विश्वासराव काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात ई-रिक्षा थांबली आणि काकू चढून बसल्या, सात साड्या संध्याकाळपर्यंत द्यायच्यात म्हणाल्या. रिक्षा गेली. विश्वासरावांनी हात थोडा वर केला होता, तो तसाच राहिला, मग त्यांनी त्या हाताने खिशातली गोळ्यांची पाकिटं चाचपली.

होळीच्या दोन दिवस आधी समरजीतचं सामान नव्या घरात आलं. आम्ही दोघांनी मिळून ओटा धुतला. आत त्याची आई आणि गरिमा पडद्यांवरून वाद घालत होत्या. एक पडदा चार बोटं आखूड निघाला होता आणि माप कोणी घेतलं होतं ते कोणी कबूल करत नव्हतं. समरजीतने पेरू तोडून आणला, दाताने अर्धा केला आणि मोठा अर्धा मला दिला. बऱ्याच दिवसांनी.

"ध्रुव."

"हं."

"घर आईच्या नावावर आहे. आईनंतर मी आणि गरिमा. अर्धं अर्धं ना?"

"अर्धं अर्धं."

तो पेरूच्या बिया थुंकत राहिला. "आज मला एकदम क्लिअर आहे. पण मीही एखादं दुकान काढलं, ते बुडालं, काही झालं, दहा वर्षांनी मी तुझ्याकडे गरिमाच्या सहीचा कागद घेऊन आलो, तर तू काय करशील?"

"तू नाही आणणार."

"विश्वासरावांनाही वाटलं नसेल. सांग ना, काय करशील?"

आतून गरिमा ओरडली, कात्री कुठे ठेवली म्हणून. त्याने तिथूनच सांगितलं, खिडकीत.

"झाशीची गाडी पकडीन," मी म्हटलं. "तिच्या दारात जाऊन तिला विचारीन, ही सही तुझी का. तू बाहेर थांबायचं, आत मी एकटा जाईन."

"मित्र आहे म्हणून सोडणार नाहीस?"

"नाही."

"वचन दे."

त्याचा हात पेरूने चिकट झाला होता. मी दिलं.